अंगठ्याचा उपास

“साहेब, आज तुम्ही पण मोल्डिंगला उतरला होता काय ओ?”

बुधवार, ५ मार्च २०२५. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या गेटातून आत शिरत होतो, तेवढ्यात पाळी संपवून निघालेल्या, वाळूचे साचे करणाऱ्या एका मोल्डरनं विचारलं. तो स्वतः मानेपर्यंत काळ्या वाळूनं माखलेला. मी हिशेबाच्या टेबलावर बसणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि कपाळाच्या मधोमध बोटभर काळा डाग. त्याचा प्रश्न रास्तच होता. मी नेहमीसारखं घसा खाकरून समजावून सांगायला लागणार, एवढ्यात गेटवरच्या वॉचमनमामांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं. त्यांच्या कपाळावर रोज सकाळी विभूतीचे तीन पट्टे ठसठशीत असतात.

“गप रे. आज त्यांची विभूती हाय.”

मोल्डरनं मान डोलावली आणि गेला. इतकी वर्षं मी लोकांना राखेचा बुधवार समजावत आलो, पण चार शब्दांत कधी जमलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आम्हाला देवळात आशीर्वादित झावळ्या मिळतात. त्या घरी आणून क्रूसाच्या मागे खोचायच्या. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या, मग तपकिरी होतात, त्यांच्यावर कोळी जाळी करतात. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी त्याच झावळ्या देवळात परत न्यायच्या. तिथं त्या जाळून, राख चाळून ठेवतात. मग बुधवारी रांगेत उभं राहायचं. फादर ताटलीतल्या राखेत अंगठा बुडवतात आणि कपाळावर क्रूस काढतात. “तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील, याची आठवण ठेव.” रांग संपेपर्यंत फादरांचा अंगठा नखाच्या मुळापर्यंत काळा होतो. लहानपणी मला या सगळ्या विधीत तो अंगठाच तेवढा बघावासा वाटायचा.

आणि त्याच दिवशी वाचतात काय, तर बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. उपास कराल तेव्हा ढोंग्यांसारखं तोंड उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, तुम्ही उपाशी आहात हे लोकांना दिसता कामा नये. हे ऐकून पाच मिनिटं होत नाहीत तोवर कपाळ काळं करून आम्ही भर बाजारात बाहेर पडतो! शाळेत असताना मी आईला म्हटलं होतं, “आई, मग ही राख पुसायची काय?” ती भाकऱ्या थापत होती. वर न बघताच म्हणाली, “पुसायची नाही. आणि आरशात बघायची पण नाही.”

मी पुढं बरीच प्रवचनं ऐकली. त्यातलं इतकं नेमकं एकही आठवत नाही.

राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या या काळाला देवळातल्या मराठीत उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. आई ‘करेज्म’ म्हणायची. पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’ गोव्याहून घाट चढून आमच्या खानापूर तालुक्यात आला आणि कोकणी-मराठीत झिजून करेज्म झाला. मुळात तो लॅटिनमधला चाळिसावा. येशू रानात चाळीस दिवस उपाशी राहिला, मोशे सिनाय डोंगरावर चाळीस दिवस होता, त्यावरून हे चाळीस. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत सेहेचाळीस दिवस भरतात, कारण मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास कसला! आमच्या घरी या सवलतीचा फायदा शेवटच्या थेंबापर्यंत घेतला जायचा.

चर्चचा आजचा नियम तसा बिनकष्टाचा आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, या दोनच दिवशी अठरा ते एकोणसाठ वयाच्या लोकांनी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खायचं. त्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी चौदा वर्षांवरच्यांनी मांस वर्ज्य करायचं. संपलं. आईचे नियम जास्त कडक होते. चाळीस दिवस मटण नाही, कोंबडी नाही, लग्नाला गेलं तरी गोड नाही. पण खरं सांगू? मार्च-एप्रिलमध्ये आमच्या भागात परसात शेवगा लगडलेला असतो, कोवळ्या फणसाची भाजी असते, ओले काजूगर असतात, कैरी असते, नाचणीची थंडगार आंबील असते. मटण एरवी तरी महिन्यातून किती वेळा व्हायचं? करेज्मात आम्ही वर्षातलं सगळ्यात चवदार जेवत होतो आणि वर पुण्यही मिळवत होतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण फक्त शेजारच्यांसाठी नाही.

माझी धाकटी पाचवीत असताना तिनं करेज्मात कुंदा सोडला. बेळगावच्या मुलीनं कुंदा सोडायचा म्हणजे केवढा त्याग, म्हणून आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटलो. तिसऱ्या आठवड्यात कळलं, तिला कुंदा मुळात आवडतच नाही. आणि मांडे? तेही बेळगावचेच, पण ते मनात खायला कुणाची बंदी नसते.

शेजारच्या वैनींना आमच्या उपासाचा अर्थ आजही लागलेला नाही. “साबुदाणा चालत नाही म्हणता, भाकरी चालते म्हणता, मासे पण चालतात म्हणता. मग उपास कशाचा हो तुमचा?” त्यांचे स्वतःचे संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार सगळे काटेकोर. धुळवडीला त्यांच्या घरून आमच्याकडे मटणाच्या रश्शाचा डबा येतो, हा वीस वर्षांचा रिवाज. २०२५ ची धुळवड १४ मार्चला आली, आणि तो नेमका शुक्रवार. दुपारी बेल वाजली. दारात वैनी, हातात डबा, कपाळाला होळीची राख. त्यांचं त्यांनाच आठवलं, “अगं बाई, आज शुक्रवार न्हवं तुमचा?” बायको संकोचली. डबा परत कसा पाठवायचा आणि ठेवून कसा घ्यायचा? वैनींनीच निकाल लावला. “ठेवा फ्रीजमध्ये. उद्या गरम करून खावा. मुरलं की जास्तच लागतंय.”

शनिवारी खाल्लं. जास्तच लागलं.

तर हे झालं खाण्याचं. त्या वर्षी मी सोडलं होतं ते दुसरंच, आणि ते सोडायची पाळी का आली ते सांगायचं तर घरातली गोष्ट सांगावी लागेल.

बेळगावातल्या मराठी माणसाला भाषेचं दुखणं काय हे मी नव्यानं सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही तेव्हाच्या म्हैसूर, आताच्या कर्नाटक राज्यात गेलो, आणि आमच्या वडिलांच्या पिढीपासून १ नोव्हेंबर हा घरात काळ्या दिवसाचाच. महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ मध्ये गावाच्या नावाची पाटीही बदलली. मी तरी बोलताना बेळगावच म्हणतो, पुढंही म्हणणार. मराठीतून कागद मिळावेत, मराठी शाळा जगाव्यात, हा आग्रह मी सोडलेला नाही आणि उपवासकाळातही सोडला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की हा गळपटला.

पण त्या फेब्रुवारीत फार वाईट दिवस आले होते. २१ तारखेला बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राची बस अडवून चालकाच्या तोंडाला काळं फासलं. मग तिकडं महाराष्ट्रात कर्नाटकाच्या गाड्यांना काळं. दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या. आणि या सगळ्याचे व्हिडिओ चोवीस तास माझ्या हातात. सहा ग्रुप होते. मी एका ग्रुपमधला उचलून दुसऱ्यात टाकत होतो, वर चार ओळी आपल्या जोडत होतो. पहाटे चारला लघवीला उठलं की आधी फोन. जेवताना डावा अंगठा फोनवर, उजवा हात भाजीत. माझी भाषा मी वाचवत होतो म्हणे. त्या महिनाभरात मी मराठीतलं एक पान तरी वाचलं का, असं कुणी विचारलं असतं तर तोंड लपवावं लागलं असतं.

त्याच्याही आधी, जानेवारीत, आईचं वर्ष झालं. वर्षाच्या मिस्साची, म्हणजे देवळातल्या प्रार्थनाविधीची, पत्रिका धाकट्या भावानं छापून घेतली. तो धारवाडला असतो, त्याची बायको तिकडचीच, मुलं कन्नड शाळेत शिकली. त्यानं पत्रिकेत दोन रकाने केले. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, मधे आईचा फोटो. घरच्या ग्रुपवर त्यानं पत्रिकेचा फोटो टाकला, तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो. तिथंच उभ्याउभ्या मी अंगठ्यानं लिहिलं, “तू विकला गेलास ते ठीक, आईला कशाला विकतोस?”

एका मिनिटाचंही काम नव्हतं. तेवीस नातेवाइकांनी वाचलं. भावानं उत्तर दिलं नाही, तो ग्रुपमधून बाहेर पडला. मिस्साला आला, मागच्या बाकावर बसला, सगळ्यांबरोबर जेवला, माझ्या बायकोला “येतो वैनी” म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. मला वाटलं, बरं झालं, लागलं ते खरं म्हणूनच लागलं.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आणि शनिवारी मिळून यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. दर वर्षी वाचतात, आणि दर वर्षी माझं लक्ष घड्याळाकडं असतं. त्या वर्षी का कोण जाणे, कानात गेलं. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तुझं लक्ष का नाही? देव म्हणतो, तुमचे उपास भांडणात आणि मारामारीत जातात, तुम्ही बुक्क्या मारायला उपास करता. मग शनिवारच्या वाचनात येतं, तू बोट दाखवणं सोडशील, वाईट बोलणं सोडशील, तर अंधारात तुझा प्रकाश उगवेल. बोट दाखवणं! हजारो वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला बोटच ठाऊक होतं. आमचं काम आता अंगठ्यानं भागतं.

घरी येऊन मी पाच ग्रुपमधून बाहेर पडलो. घरचा ग्रुप सोडला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून तो मुका केला आणि ठरवलं की ईस्टरपर्यंत उघडायचा नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मटण सोडणं सोपं होतं.”

खरंच सोपं होतं. पहिले आठ दिवस माझा अंगठा आपोआप पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जायचा, जिथं ते हिरवं चिन्ह असायचं. मी ते काढून दुसऱ्या पानावर ठेवलं होतं. अंगठा रिकाम्या जागेवर आपटायचा आणि क्षणभर तिथंच थांबायचा, दावं सुटलं तरी गोठ्यातच उभ्या राहणाऱ्या बैलासारखा. पुस्तकात वाचतो तसं मला वाटलं होतं की आता शांतता येईल, प्रार्थना होईल, चित्त थाऱ्यावर येईल. तसलं काही झालं नाही. विम्याचा हप्ता आठवला. मुळव्याधीचं औषध आठवलं. दहावीत एका मास्तरांनी केलेला अपमान आठवला, तो तर चाळीस वर्षांत आठवला नव्हता. त्या पहिल्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातली रानातली परीक्षा वाचली गेली, तेव्हा मनात आलं, चाळीस दिवस एकटं बसलं की सैतान शिंगं लावून यायची गरजच नाही, आपलं आपलंच पुरे पडतं.

त्या वर्षी रमजानही बरोबरच चालला होता, आमच्या बुधवारच्या तीन दिवस आधी सुरू झालेला. आमच्या फेटलिंगच्या सेक्शनला एकजण आहे, ओतून आलेल्या कास्टिंगचे कडे-कोपरे ग्राइंडरनं घासायचं काम. शेजारी भट्टी. मार्चचं ऊन वरून, लोखंडाची धग खालून, आणि हा रोजे धरून. एक दिवस बिलं घेऊन मी तिकडून जात होतो. तो नळाशी उभा होता. ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घेतलं, गाल फुगवून खळखळवलं आणि सगळंच्या सगळं थुंकलं. मग जिभेनं ओठ पुसायच्या ऐवजी बाहीनं पुसले, थेंब आत जाऊ नये म्हणून. कुणी बघत नव्हतं, मी सोडून. मी बघतोय हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो परत ग्राइंडरकडं गेला. मी तिथं हातात बिलं धरून उभा. एका थेंबाची एवढी पाळत! मला त्या दिवशी माझा उपास जरा शहरी वाटला.

२२ मार्चला कर्नाटक बंद होता. आधीच्या वर्षांत असल्या दिवशी मी फोनला चिकटून क्षणाक्षणाची खबर ठेवली असती. आता संध्याकाळी वॉचमनमामांना विचारलं, कसं काय झालं? ते म्हणाले, “हुतं तसंच.” माझ्याशिवाय सीमाप्रश्न एक दिवस तसाच राहिला होता. हे कळायला मला चोपन्न वर्षं लागली म्हणायची.

मग ३० मार्च उजाडला. गुढी पाडवा, कन्नड लोकांचा युगादी, आणि आमचा उपवासकाळातला चौथा रविवार. त्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं असतात, अर्धी वाट संपली म्हणून जरा आनंदाचा दिवस. दुसऱ्या दिवशी ईद. आमच्या गल्लीत त्या दोन दिवसांत ज्याच्या-त्याच्या घरातून काहीतरी गोड येत होतं, आणि मी बायकोला सांगत होतो की रविवार आहे, रविवार चालतो.

त्या दिवशीचं शुभवर्तमान होतं उधळ्या पुत्राचं. ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलेली की कुणीही झोपेत सांगेल. धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरांच्या शेंगांवर दिवस काढतो, परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो. मी आयुष्यभर ही गोष्ट इथंच संपते असं धरून चाललो होतो. पण तिचा दुसरा भाग आहे. शेतावरून थोरला येतो, घरातून गाणंबजावणं ऐकू येतं, तो आत जात नाही. बाहेर उभा राहतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. तेव्हा थोरला म्हणतो, “हा तुझा मुलगा.” माझा भाऊ असं म्हणत नाही. आणि बाप उत्तर देताना नुसता एक शब्द बदलतो, “हा तुझा भाऊ.”

फादरांनी प्रवचनात याच्यावर काही सांगितलं नाही, ते पश्चात्तापावर बोलत राहिले. मी मात्र त्या एका शब्दावर अडकून बसलो. गेले दोन महिने बायकोशी बोलताना मी त्याला काय म्हणत होतो? “तुझा दीर.” मुलींशी बोलताना, “तुमचा काका.”

मराठी बायबलमध्ये योएल संदेष्टा म्हणतो, मनापासून माझ्याकडं वळा. वळा. या शब्दाची मला गंमत वाटते. वळण म्हणजे रस्त्याचं वळण, मुलाला लावायचं ते वळण, आणि अक्षराचंही वळणच. आमच्या शाळेत अक्षराच्या वळणासाठी छड्या खाल्ल्या आम्ही. आणि कन्नड लिपी बघा, तिच्यात वळणाशिवाय दुसरं काही नाही.

मिस्साहून घरी आलो तर वरच्या मजल्यावरच्या अक्का वाटी घेऊन आलेल्या. बेवू-बेल्ला, म्हणजे कडुलिंबाचा फुलोरा आणि गूळ. “ऊटा आतेन्री?” जेवण झालं का, हा त्यांचा रोजचा प्रश्न, सकाळी आठला भेटल्या तरी. थोड्या वेळानं शेजारच्या वैनी गुढीचा प्रसाद घेऊन आल्या, कडुलिंब आणि गूळ. दोन्ही वाट्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारीशेजारी राहिल्या. वैनींच्यात जरा जिरं होतं, एवढाच फरक.

दुपारी घरपट्टीची जुनी पावती शोधायला आईची पत्र्याची ट्रंक उघडली. मार्चअखेर, हिशेबाच्या माणसाला सणाला तरी कागदच दिसतात. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचे कागद होते. जुनी रेशनकार्डं, सोसायटीच्या कर्जाचा कागद, गावच्या जमिनीची एक जुनी खरेदी, पुढची पेन्शनची पुस्तिका. खरेदीच्या कागदावर मराठीत लिहिलं होतं, ‘नि. डा. हा. अं.’ निशाणी डाव्या हाताचा अंगठा. पेन्शनच्या कागदावर तेच कन्नडमध्ये. आणि दोन्हीकडं तिचा अंगठा, स्टॅम्पपॅडच्या जांभळ्या शाईत. अंगठ्याच्या रेषांमधून एक आडवी पांढरी चीर गेलेली. ती विळीची. मी सहा-सात वर्षांचा असेन, फणस चिरताना तिचा अंगठा कापला होता, आणि रक्त बघून रडलो होतो तो मी, ती नव्हे. मराठी कागदावरही ती चीर होती. कन्नड कागदावरही होती.

आई अंगठेबहाद्दर होती. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच? मीच तिला बँकेत घेऊन जायचो, मीच तिचा अंगठा शाईत दाबायचो. सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, क्रूसाच्या वाटेची चौदाही स्थानं क्रमानं, पण पत्रिकेचा डावा रकाना तिला वाचता आला नसता आणि उजवाही नाही. तिनं फोटो बघितला असता, आणि विचारलं असतं, जेवायला किती माणसं?

घरपट्टीची पावती काही सापडली नाही.

संध्याकाळी फोन लावला. तीनदा वाजला आणि त्यानं उचलला. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो.

“झावळ्यांच्या रविवारला येताना गावातल्या माडाच्या दोन झावळ्या आणशील काय?”

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग, “किती मोठ्या?”

“दोन घरांना पुरतील एवढ्या.”

“बरं.”

“आणि ते पत्रिकेचं... चुकलं माझं.”

परत काही नाही. मागं त्याच्या टीव्हीचा आवाज येत होता, कन्नड बातम्या. मग तो म्हणाला, “दादा, ऊन लई हाय रे. अळणावरवरून गाडीनं येऊ, का बसनं येऊ?”

“गाडीनं ये. झावळ्या बसमध्ये मोडतील.”

तो १३ एप्रिलला आला. कारच्या टपावर झावळ्या बांधलेल्या, मागून शेंडे लोंबत होते. आम्ही दोघांनी अंगणात बसून पाती सोलली. लहानपणी तो पातीचे क्रूस विणायचा, मला कधीच जमले नाहीत. अजूनही त्यालाच जमतात. पत्रिकेबद्दल कुणीच बोललं नाही. मधे त्यानं नुसतं विचारलं, “तुझी मुळव्याध कशी आहे?”

पवित्र आठवड्याचं फार सांगत नाही. गुरुवारी रात्री घंटा बंद झाल्या, लाकडी फळ्यांच्या टाळ्या सुरू झाल्या. उत्तम शुक्रवारी भर उन्हात क्रूसाची वाट चालताना डांबर चपलेला चिकटत होतं, आणि रात्री वळीव पडला. घरात पेज, लोणचं आणि खोबऱ्याची चटणी. वैनींनी त्याही दिवशी विचारलंच, “म्हणजे आज खरा उपास म्हणायचा?”

२० एप्रिलला ईस्टर. पहाटेची मिस्सा करून घरी आलो, चहा घेतला आणि घरचा ग्रुप उघडला. बाराशेच्यावर निरोप साठले होते. वाढदिवस, गुड मॉर्निंगची फुलं, एका भाच्याचं बारसं, कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. मी एकही पुढं ढकललं नाही. ग्रुपची मालकी थोरल्या मुलीकडं आहे. तिला म्हटलं, काकाला परत घे. तिनं घेतलं. थोड्या वेळानं त्याचा पहिला निरोप आला, कन्नड लिपीत. मी अक्षर अक्षर लावत वाचला: ईस्टर हब्बद शुभाशयगळु.

मुद्दामच टाकला असणार. मी मराठीत उत्तर दिलं. मीही मुद्दामच.